घोड्यावरचा आयरिश पणजोबा

आमच्या काकांचे पणजोबा देश स्वतंत्र होईपर्यंत इंग्रज होते. त्यानंतर ते आयरिश झाले. मरून सत्तर-ऐंशी वर्षं लोटल्यावर माणसाचा देश बदलू शकतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या ओटीवर डोळ्यांनी पाहिलं आहे.

ती ओटी खाडीकाठच्या ज्या गावात होती तिथे आता नवी मुंबईच्या सोसायट्या आहेत आणि त्यांच्या फाटकांवर पहारेकरी आहेत. मी सांगतो आहे त्या दिवसांत, म्हणजे पन्नास-साठच्या दशकांत, तिथे चाळीसेक घरं होती, खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली भातशेती, म्हणजे खाजण, होती आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर मिठागरं. गाव आगऱ्यांचं. पावसाळ्यात भात लावायचा, उन्हाळ्यात मीठ ओढायचं, मध्ये लग्नं करायची. पहारा बसवावा असं कुणाच्या घरात काही नव्हतं. फक्त आमच्या घरात एक साहेब होता.

साहेबाचे पुरावे दोन. पहिला म्हणजे घारे डोळे. काकांचे होते, त्यांच्या मुलीचे होते. माझे काळे आहेत, त्यामुळे या प्रकरणात माझा काही स्वार्थ नाही. दुसरा पुरावा म्हणजे एक पितळी बटण. ते देवघरात देवांच्या शेजारी एका डबीत असे आणि दसऱ्याला चिंचेने घासून लख्ख केलं जाई. साहेबाच्या कोटाचं बटण. साहेब मीठ खात्यातले बडे अधिकारी होते, घोड्यावरून बांधाबांधाने फिरत, त्यांना पाहून लोक मीठ ओढायच्या फळ्या टाकून उभे राहत, आणि आमच्या घराण्यातल्या एका मुलीशी त्यांनी रीतसर लग्न केलं, असं काका सांगत. घोड्याचा रंग वर्षागणिक बदले. शेवटी तो पांढऱ्यावर स्थिर झाला.

इंग्रज गेले आणि काकांची पंचाईत झाली. ज्यांना घालवलं म्हणून शाळेत पेढे वाटले, त्यांच्यातलाच पणजोबा घरात ठेवायचा कसा? यातून त्यांना शाळेच्या मास्तरांनी सोडवलं. मास्तरांनी सहज सांगितलं की, आयरिश म्हणून एक गोरे लोक आहेत, तेही इंग्रजांशी लढून स्वतंत्र झाले. काकांनी आठवडाभर विचार केला आणि पुढच्या सोमवारपासून पणजोबा आयरिश झाले. गोरेपणा शाबूत राहिला, शिवाय देशभक्तीही पदरात पडली. आयरिश लोक बटाटे फार खातात असंही मास्तरांनी सांगितलं होतं. त्या वर्षीपासून पितरांच्या पानावर वडा-खिरीच्या शेजारी उकडलेला बटाटा आला. दोन वर्षांनी काका पाहुण्यांना सांगू लागले की ही आमच्याकडची जुनी चाल आहे.

गावात 'आहे' म्हणणारे काका एकटेच, आणि त्यांच्या धाकाने आम्ही घरातले. बाकी सगळे 'हाय' म्हणत. लोक त्यांना तोंडावर 'सायब' म्हणत. काका ते मानाने घेत. लोक ते कशाने देत, हे काकांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

हे सगळं गमतीत गेलं असतं. कुणाचा पणजोबा कोण होता याने भाताला कणसं कमी लागत नाहीत. पण काकांना मुलगी एकच होती. काकू तिच्या लहानपणीच गेल्या. ती माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, मला दादा म्हणे, मी तिला बाय म्हणे. आमच्याकडे त्या काळी मुली सोळाव्या-सतराव्या वर्षी उजवत. बायला तेविसावं लागलं तरी ती घरातच होती, कारण काकांना साहेबाच्या वंशाला शोभेल असं घराणं मिळत नव्हतं. कळंबोलीहून एक चांगला शेतकरी आला होता. काका म्हणाले, "तिथे चिखलाखेरीज आहे काय?" आमच्याकडे खाऱ्या चिखलाखेरीज काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पनवेलच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेला एक आला. काका म्हणाले, "बाटल्या धुणारा." त्याच्या बापाने जाताना ओटीच्या पायरीवर पान थुंकलं. माझ्या मते ते संभाषणातलं सर्वांत नेमकं वाक्य होतं.

आणि बायच्या मनात एकजण होता. बेलापूरकडच्या खाडीतल्या गावचा, मिठागरात मीठ ओढणारा. एका भरतीला आमचा बांध फुटला तेव्हा तो टोळीबरोबर बांध बांधायला आला आणि पंधरा दिवस राहिला. त्याच्या स्वतःच्या घराची भिंत तशाच एका भरतीने नेली होती. तो आणि त्याची आई मामाच्या पडवीत राहत. शांत माणूस. लिहायला-वाचायला येई आणि येतं हे सांगत सुटत नसे, म्हणून मला तो आवडला. घर नाही, जमीन नाही, म्हणजे लग्न झालंच तर त्याने आमच्याकडे राहायला यायचं. घरजावई. हा शब्द काकांसमोर उच्चारायची सोय नव्हती. "दुसऱ्याच्या ताटात जेवणारा," ते म्हणत आणि पाणी पीत, जणू शब्दाने तोंड खारट झालं.

त्या सुमारास काकांनी ठरवलं की साहेबांचा कागदोपत्री शोध घ्यायचा. एकदा शिक्क्याचा कागद हातात आला की मग स्थळंही तशीच येतील. मी मॅट्रिक होऊन ठाण्याला कचेरीत कारकून लागलो होतो, शनिवारी घरी येत असे. इंग्रजी पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. फुकटात विनोद घडत असेल तर जागेवरून उठू नये, असं माझं तेव्हा मत होतं. बायच्या वयाचा हिशेब माझ्या मतात नव्हता.

पहिलं पत्र मीठ खात्याला गेलं. चार महिन्यांनी उत्तर आलं की जुन्या अधिकाऱ्यांच्या यादीत दिलेल्या वर्णनाचा माणूस आढळत नाही. वर्णन काकांनी दिलं होतं: उंच, घारे डोळे, पांढरा घोडा. काका म्हणाले, "यादी इंग्रजांनी केलेली. आयरिश माणसाचं नाव ते कशाला ठेवतील?" मग कलेक्टर कचेरी. मग मुंबईतलं जुन्या दप्तरांचं एक कार्यालय, जिथे आम्हाला तीन खिडक्यांवरून फिरवून चौथीवर जेवणाची सुट्टी सांगण्यात आली. मग काकांच्या आग्रहावरून खुद्द आयर्लंडला, तिथल्या मोठ्या पोस्टमास्तरांच्या नावे. नवल म्हणजे तिथून उत्तर आलं. कुण्या सभ्य माणसाने विचारलं होतं की, आपले पूर्वज कोणत्या परगण्यातले, कोणत्या गावचे, एवढं कळवल्यास पुढे तपास करता येईल.

मी वाचून दाखवलं. काका दुखावले.

"साहेबाला गाव कसलं विचारतात?"

"काका, प्रत्येकाला गाव असतंच."

"मजुराला असतं. साहेब देशाचा असतो."

ते पत्र त्यांनी तिकिटासाठी ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

बाय स्वयंपाकघरात तांदूळ निवडत हे ऐके. एकदा मला म्हणाली, "दादा, यांना पणजोबा सापडेपर्यंत मीच कुणाची तरी पणजी व्हायच्या वयाची होईन." मी हसलो. ती हसली नाही.

शेवटी मीच ठाण्याच्या चर्चचं सुचवलं. साहेब ख्रिस्ती, तर जन्म-मरण-लग्न कुठेतरी लिहिलेलं असणार. एका रविवारी भरतीची वेळ पाहून आम्ही होडीने ठाण्याला गेलो. काकांनी कोट घातला होता आणि डबी खिशात घेतली होती. पाद्री वसईकडचे, म्हातारे, मराठी बोलणारे. त्यांनी आमचं सगळं ऐकलं, घोड्यासकट, आणि कपाटातून वाळवीने कडा कुरतडलेल्या वह्या काढल्या. आम्हाला बाकावर बसवून ते बोट फिरवत गेले. तासाभराने थांबले.

"आयरिश म्हणालात ना? हा एक आहे. तुमच्याच पट्ट्यातला."

काका उभे राहिले. एखाद्याची ओळख करून देताना राहतात तसे.

पाद्रींनी ओळ वाचली. दफनाची नोंद होती. नाव, जन्म आयर्लंडचा, पूर्वी जहाजावर खलाशी, मरतेवेळी मिठागरावर लेबरर. विधवेने आणि तिच्या भावांनी होडीतून आणलं. एवढंच. ते नाव मी इथे देत नाही. काकांच्या नातवंडांनी ते सोसायटीच्या पाटीवर लावलं तर पुन्हा सगळं सुरू होईल.

"लेबरर म्हणजे?" काकांनी मला विचारलं.

"मजूर."

काकांनी पाद्रींकडे पाहिलं. "मोठ्या हुद्द्याचा?"

"मजुरांत हुद्दे नसतात, शेठ," पाद्री म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता. माणसाला वेळ सांगावी तसं सांगितलं.

काकांनी डबी काढून बटण त्यांच्या हातावर ठेवलं. पाद्रींनी ते उजेडाकडे धरलं. "यावर नांगर आहे. जहाजावरच्या लोकांच्या कोटाला असायचं असं. मीठ खात्याला नांगर कशाला?"

"साहेब जहाजानेच आले होते," काका म्हणाले.

परतीच्या वाटेवर अर्ध्या खाडीत काका माझ्याजवळ सरकले. होडीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने मग म्हणाले, "तो दुसरा कुणीतरी. आयरिश लोक त्या काळात पुष्कळ मरत असतील." आणि थोड्या वेळाने, "घरी बोलू नकोस."

मी घरी बोललो. लगेच, चुलीपुढे, बायजवळ. मला वाटलं ती चकित होईल. तिने हातातलं काम थांबवून एवढंच विचारलं, "होडीतून ठाण्याला नेलं, असं लिहिलंय?"

"हो. बायकोने आणि तिच्या भावांनी."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

तिच्या त्या 'बरं'कडे मी लक्ष दिलं नाही. मी तेव्हा कागदावर विश्वास ठेवणारा सुशिक्षित माणूस होतो.

माघात मागणी आली. दुपारची वेळ, ओटीवर घोंगडी अंथरलेली. मुलाची आई, मुलाचा मामा, आणि त्यांच्याबरोबर बोनकोड्याची म्हातारी धवलारीण. मुलगा स्वतः आला नव्हता. धवलारीण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्न धवलारीण लावते. हळदीपासून ती बसते आणि धवले गाते, आणि त्या गाण्यांतून आधी देवांना आणि मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक करून मांडवात बोलावते. कोण कुणाचा, कुठून आला, कसा गेला, सगळं त्यात असतं. ती पोथी तिच्या डोक्यात. आणि त्यावेळी घरातले पुरुष काय करत असतात? मांडवाच्या टोकाला बिड्या ओढत असतात. बायकांचं गाणं चाललंय, तेवढ्यात आपण पानसुपारीचं बघून घेऊ, असा एकूण आमचा अभ्यास. ही म्हातारी आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांना बसली होती, काकांच्यासुद्धा. काकांना ती 'बाला' म्हणे. काकांना ते खपत नसे.

मुलाची आई साधं बोलली. "पोरगा कामाला वाघ हाय. आमचं घर दर्यानं नेलं, ती काय लपवायची गोष्ट नाय. तुमच्या घरात पुरुष मानूस एकच, पुतन्या ठान्याला असतो. तो आला तर तुमची खाजन पन बघंल."

काकांनी पाय वर घेऊन मांडी घातली. हे भाषणाचं लक्षण होतं. मग पुष्कळ वेळ साहेब, घोडा, मीठ खातं, आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा. मजुराला मुलगी देणं कसं अशक्य आणि घरजावई करणं तर त्याहून अशक्य. मुलाची आई पदराच्या काठाकडे पाहत ऐकत होती. दाराआड बाय उभी होती. मला तिचा हात तेवढा दिसत होता, चौकटीवर ठेवलेला.

मामाने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "सायब, त्या सायबाचं नाव काय होतं?"

काकांनी पुन्हा घोड्याचं काढलं.

"नाय, म्हनजे आमच्या आज्याचं नाव मना ठावं हाय. पनज्याचं पन ठावं हाय. ते काय घोड्यावर नव्हते, पन नाव होतं त्यांना."

एवढ्या वर्षांत साहेबांना नाव द्यायचं राहूनच गेलं होतं. जे एक मिळालं ते काकांनी खाडीत सोडून दिलं होतं. ओटीखाली शेजारचे दोघे-तिघे येऊन उभे होते, त्यातला एक हसला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर म्हातारीवर थांबली.

"हिला विचारा," ते म्हणाले. "आमच्या घराण्याची नावं हिला पाठ आहेत. सांग गं यांना, कोण कोण होऊन गेलं आमच्यात."

"ती सांगायची नसतात, बाला," म्हातारी म्हणाली. "बोलवायची असतात."

"मग बोलाव."

"लगीन नसताना?"

"काय बिघडतं?"

म्हातारीने पानाचा विडा गालात एका बाजूला सारला. "बोलावलं की ते येतात. आले की बसतात. त्यांना लगीन दाखवल्याबिगर उठवता येत नाय. तू ल्हान होतास तवापासून तुला ठावं हाय."

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही, मॅट्रिक असूनही. आमच्याकडे हळद लागल्यावर लग्न मोडणं ही अशक्य गोष्ट, ती याचसाठी. एकदा धवला झाला की मांडवात मेलेले येऊन बसलेले असतात, त्यांना उपाशी आणि बिनलग्नाचं परत धाडायची कुणाची छाती नाही. त्या दिवशी काकांनी हे विसरायला नको होतं. पण मामाने नाव विचारलं होतं, शेजारी हसला होता, आणि मोठेपणावर चढलेला माणूस उतरायची शिडी आधी स्वतःच लाथेने पाडतो.

"तुझ्या समजुती तुझ्याजवळ ठेव," काका म्हणाले. "गा."

"बघ हां."

"गा म्हटलं ना."

म्हातारीने तांदूळ, कुंकू आणि पाण्याचा तांब्या मागितला. बायने ते आणून दिलं, मला वाटलं जरा जास्तच पटकन. म्हातारीने विडा थुंकला, चूळ भरली, खाडीकडे तोंड केलं आणि सुरुवात केली.

आधी ग्रामदेव, मग दर्या, मग बांधावरचा देव. मग घरातली माणसं. एकेकाला ती नात्याने हाक मारत होती, कुठे आहेस ते सांगत होती आणि तिथून उठून ये म्हणत होती. काकांचा बाप, तापाने गेलेला. आजा, सापाने. भाताच्या रोपात बाळंत झालेली एक आजी, जिचं मी कधी नावही ऐकलं नव्हतं. मग तिने सूर जरा चढवला आणि पणजीला बोलावलं, आणि पणजीच्या मागोमाग तिच्या नवऱ्याला. दर्यातून आलेला जावई, असं ती त्याला म्हणाली. जहाज सोडून रात्री पोहत आला. तांबड्या दाढीचा. सासऱ्याने पडवीत जागा दिली, सासऱ्याच्याच फळीने मीठ ओढलं. उन्हात त्याची पाठ भाजून निघे, बायको तिच्यावर ताक लावी. त्याला कुणी इंग्रज म्हटलं की जेवणावरून उठे. सरकारी माणसं त्याला शोधायला आली तेव्हा मेव्हण्यांनी मिठाच्या राशीमागे लपवला. तो गेला तेव्हा त्याच्या देवाच्या माणसांत त्याला ठेवावं म्हणून बायकोने होडीत घालून ठाण्याला नेला, आणि ओहोटी लागेपर्यंत ती काठावर बसून होती. आता तिथून ऊठ, ती म्हणाली, तुझ्या घरात लग्न आहे, ये.

घोडा कुठेच नव्हता.

मी काकांकडे पाहिलं नाही. मी पाद्रींच्या वहीतली ओळ आठवत होतो. पिढ्यान्पिढ्या ही गोष्ट आमच्या अंगणात ढोलाबरोबर म्हटली जात होती, आणि मी तिच्यासाठी आयर्लंडच्या पोस्टमास्तरांना त्रास दिला होता. बोनकोडे आमच्या घरापासून पायी अर्धा तास. मला एकदाही वाटलं नाही की तिथे जाऊन त्या म्हातारीला विचारावं. काकांना आपण हसतो, पण काकांना निदान घोड्याचं वेड होतं. माझं वेड कागदाचं, आणि ते मी अक्कल समजत होतो.

धवला संपायच्या आत ओटीखाली बायका जमल्या होत्या. दिवसाउजेडी, मांडव नसताना धवला ऐकून त्या हातातली कामं टाकून आल्या होत्या. एकीने विचारलं, "कुनाचं लगीन हाय गो?"

म्हातारीने उरलेलं पाणी उंबऱ्यावर शिंपडलं. "आले समदे," ती म्हणाली. "बसलेत. आता बाला सांगंल कुनाचं ते."

काका म्हणाले, "हे खरं धरायचं नाही. मी नावं विचारली होती."

"मी सांगत व्हते ना तुला."

"कुणी ठरवलं तो जावई होता म्हणून? घरजावई? आमच्यात?"

"माज्या आजीनं सांगितलं मना. तिनं बगितला होता त्याला. तुमच्यातल्या कोनी कदी इचारलंच नाय."

मामाने सुपारी कातरून तोंडात टाकली. "लेबरर होता म्हना की," तो म्हणाला. त्याला तो शब्द कुठून मिळाला हे मला आजही नक्की माहीत नाही. बायने आत जाऊन चहा ठेवला होता.

मी कचेरीत रजा कळवली आणि पुढचे तीन दिवस घरीच राहिलो. काकांनी शोधून पाहिलं की गावात दुसरं कुठलं लग्न त्यांच्या ओटीवर उरकता येईल का. एका चुलत्याची मुलगी होती, नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी वडीलधारे येऊन बसले. ते कुणी रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की, बोलावलेल्यांना काय सांगायचं ठरवलंय. तिसऱ्या दिवशी काकांच्या म्हशीने दूध आटवलं. म्हशी दूध आटवतात. पण त्या आठवड्यात तिने ते करायला नको होतं. माझा मेलेल्या माणसांवर विश्वास नाही. पण ज्यांचा आहे त्यांच्या गावात राहून, त्यांच्यावर साहेबी करून, मग त्यांच्याच नियमातून सुटायला पाहणाऱ्या माणसाची मला अजिबात कीव आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं पत्र सांगणार. ते म्हणाले, "बेलापूरला जा. त्यांना सांग, पंचमीनंतरचा दिवस चालेल."

लग्न झालं. धवलारणीने मेलेल्यांना पुन्हा बोलवायची गरज नव्हती, असं कुणी म्हणेल. पण तिने पुन्हा सगळ्यांना बोलावलं, नव्याने. अर्धवट बोलावलेल्यांवर तिचा विश्वास नव्हता. या वेळी पुरुषही येऊन बसले. बिड्या घेऊनच, पण बसले. दर्यातून आलेला जावई आला तेव्हा काहींनी नवऱ्या मुलाकडे पाहिलं. तो खाली मान घालून हळदीच्या हातांकडे पाहत होता.

जेवणाच्या पंगतीत काका मला पुन्हा सापडले. पनवेलच्या एका पाहुण्याजवळ बसले होते, आणि मी वाढायला गेलो तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता.

"आमच्या घराण्याची पद्धतच आहे ती," ते सांगत होते. "जावई बाहेरून आणायचा आणि घरात ठेवायचा. पणजोबांपासून. आमच्यात मुलगी देत नाहीत, जावई घेतात. आयरिश लोकांत हे फार मोठं मानतात."

पाहुण्याने मान डोलावली. मी भात वाढला आणि पुढे गेलो.

एवढी वर्षं ज्या गोष्टीची लाज होती तिची चार दिवसांत परंपरा झाली. मी तेव्हा चिडलो. खरं सांगायचं तर मला काका पडलेले पाहायचे होते. निदान पंगतीपुरते तरी. तो माणूस पडत नसे. त्याच्या पायाखाली जे येई त्यालाच तो चौथरा म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्याला निघालो तेव्हा बाय ओटी सारवत होती. तिचा नवरा पहाटेच मिठागरावर गेला होता, आणि काका अंगणात उभे राहून रस्त्यावरच्या कुणाला तरी जावयाच्या घराण्याबद्दल सांगत होते. दर्याशी कसं जुनं नातं आहे त्या घराण्याचं, वगैरे. त्यात एक नाव ऐकू आलं, नवं, इंग्रजी वळणाचं. जावयाच्या आजोबाचं असावं.

मी बायला म्हटलं, "ऐकतेस ना?"

"बोलू दे त्यांना," ती म्हणाली. सारवता सारवता तिने मान वर केली नाही. "मी इथेच आहे ना आता. भूक लागली की आत येतील."